खेळाचा तास कोणाचा?

तुमच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास किती आहेत? त्यांपैकी किती तास तुम्ही खरोखर मैदानावर असता? दोन्ही आकडे वहीत लिहून पाहा. दहावीचे वर्ष आले, गणिताचा अभ्यास मागे पडला, की पहिल्यांदा जातो तो खेळाचा तास. मुले कुरकुरतात, पण त्याबद्दल शाळेत येऊन विचारणारे पालक मी फार थोडे पाहिले आहेत.

शहरात शाळेजवळ एखादी बाग किंवा क्रीडासंकुल तरी असते. शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा यासारख्या गावाचा विचार करा. हे भीमेच्या खोऱ्यातील गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. हा सारा भाग उसाचा. पिकाची जमीन कोणी खेळायला देणार नाही, आणि तसे मागणेही बरे नव्हे. मग अशा गावात मुलांच्या हक्काची मोकळी जागा एकच उरते, ती म्हणजे शाळेचे मैदान. तेथेही लग्नाचा मांडव पडला किंवा ट्रॅक्टर उभे राहिले, तर मुलांनी जावे कोठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. ते मोकळे ठेवणे मात्र गावाच्याच हाती आहे.

“पैसा कोठून आणायचा?” असे काही जण म्हणतात. खो-खोला २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब लागतात, बस्स! या खेळाचे नियम १९१४ साली पुण्यातच तयार झाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

खाशाबा जाधवांचे नाव तुम्ही ऐकले असेल. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी त्याच्याजवळ पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक पदकानंतर निघाली, वर्गणी मात्र आधी जमली होती. मला त्या वर्गणीचे मोल अधिक वाटते.

एक गंमत सांगतो. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, हे तुम्हांला घरीच ठाऊक आहे. मराठीत मात्र कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि तेथे शिकवणारा तुमचा ‘उस्ताद’ आमच्याकडे ‘वस्ताद’ होतो! खेळ हे शिक्षणच आहे, असे मानणारी ही भाषा. मग खेळाच्या तासाला मोकळा तास का म्हणावे?

“खेळून पोट भरते का?” बहुतेकांचे भरणार नाही, हे खरे. पण म्हणूनच खेळ केवळ संघात निवडलेल्यांचा नसावा. तालुक्याच्या स्पर्धेला बारा जण जातात, बाकीचा वर्ग बाकावर बसतो. आणि मुली? आठवी-नववीत गेल्यावर त्यांतील कितीतरी जणी मैदानाच्या कडेला उभ्या राहून मैत्रिणींची दप्तरे सांभाळतात. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात. तुमच्या अब्बांना किंवा अम्मींना पुढच्या सभेत एवढेच विचारायला सांगा, की गेल्या महिन्यात मुलींना मैदान किती वेळा मिळाले.