वेशीबाहेरचा क्रूस

गेल्या महिन्यात धायरीस धारेश्वराच्या देवळापाशी आम्ही चार समवयस्क मंडळी संध्याकाळी बसलो असता एका सुविद्य गृहस्थांनी विषय काढला. प्रवासात त्यांस एका चर्चच्या आवारात चांगला दोन मजली उंचीचा क्रूस दिसला होता. ते म्हणाले, "धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब. घरात भिंतीवर क्रूस लावावा, त्यास कोणाची ना नाही; पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा तो उघड्यावर उभारणे ही निव्वळ जाहिरात होय." सर्वांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहे.

हे वाक्य उच्चारले जात असता बोलणाऱ्याच्या पाठीशीच देवळाचे शिखर उभे होते, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आले नाही. शिखर उंच बांधतात ते दुरून दिसावे म्हणूनच. ज्यास गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही तो कळसाकडे पाहून हात जोडतो, आणि त्यास आपण भक्ती म्हणतो. मग तीच गोष्ट शेजाऱ्याने केली म्हणजे तिचे नाव जाहिरात कसे होते?

परंतु एवढ्या जशास तसे उत्तराने माझे समाधान होत नाही. क्रूस बाहेर का, याचे उत्तर क्रूसाच्या इतिहासातच आहे. क्रूस हे मुळात राजचिन्ह नव्हे आणि देवचिन्हही नव्हे; ते रोमन साम्राज्यातील वधस्तंभ होते. गुलाम आणि बंडखोर यांस द्यावयाची ही शिक्षा, आणि ती भर रस्त्यावर द्यावयाची, म्हणजे पाहणाऱ्यास दहशत बसावी. ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेने सहा हजार माणसे क्रूसांवर चढविण्यात आली. येशूचा क्रूसही यरुशलेमच्या वेशीबाहेरच रोवला गेला. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांस हे चिन्ह इतके असह्य होते की, रोमच्या भुयारी स्मशानांत त्यांनी मासा, नांगर आणि मेंढपाळ यांचीच चित्रे अधिक काढली. क्रूस उघडपणे मिरविला जाऊ लागला तो चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईन बादशहाच्या काळापासून. तेव्हा ज्या वस्तूचा जन्मच वेशीबाहेर झाला, तिला "घरात बस" असे सांगणे म्हणजे तिचा अर्थच पुसून टाकणे होय.

आमच्या शेजारी मूळचे वसईचे एक ख्रिस्ती कुटुंब राहते. पुस्तकी तर्कावर विसंबण्यापेक्षा मी त्या बाईंसच विचारले. त्या म्हणाल्या, "सर, घरातला क्रूस आमचा. रोज संध्याकाळी आम्ही त्याच्यापुढेच बसतो. पण मुलगा इस्पितळात होता त्या रात्री दोन वाजता मला घरात बसवेना. चर्चला कुलूप होते. फाटक मात्र नुसते लोटलेले होते. बाहेरच्या क्रूसाला दार नाही, तेव्हा कुलूपही नाही. मी त्याच्या पायथ्याशी बसून राहिले. थोड्या वेळाने एक रिक्षावाले येऊन दुसऱ्या बाजूला बसले. कोणत्या धर्माचे, ते मी विचारले नाही."

यात जाहिरात कोठे आहे, हे आमच्या गृहस्थांनी मला दाखवून द्यावे.

मुंबईचे उदाहरण घ्या. १८९६ साली तेथे ग्रंथिज्वराची साथ आली, तेव्हा वांद्र्यासारख्या गावठाणांतील लोकांनी नाक्यानाक्यांवर क्रूस उभारले. साथ टळावी म्हणून कोणी नवस बोलले, कोणी वाचल्यावर तो फेडला. ज्या कुटुंबातील माणसे त्या साथीत गेली, त्यांच्या वंशजांस तो दगड आजोबांच्या नावासारखाच आहे. आपल्या खेड्यांतून शिवेवर मरीआई का बसविली जाते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. पटकीच्या भयाने जे हात मरीआईपुढे जोडले गेले, तेच भय या क्रूसांच्या पायथ्याशीही आहे.

कोणी म्हणेल, क्रूस या देशी तलवारीच्या आधाराने आला. गोव्यात आणि वसईत पुष्कळ अंशी तसेच घडले; गोव्यात १५६० पासून चाललेला इन्क्विझिशनचा जुलूम विसरावा असे मी म्हणणार नाही. पण पोर्तुगीज सत्तेचा हिशेब चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईस चुकता केला. त्या विजयात आणलेली पोर्तुगीज घडणीची घंटा भीमाशंकराच्या देवळापुढे आजही आहे, आणि तिच्या नादाने कोणाचा धर्म बाटल्याचे ऐकिवात नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचे पाप रात्री दोन वाजता क्रूसापाशी बसलेल्या आईच्या पदरी बांधणे हा न्याय नव्हे.

कायद्याचा प्रश्न वेगळा. सार्वजनिक रस्त्यावर वा बागेत नवे प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला, आणि तो देऊळ, मशीद, क्रूस सर्वांस सारखाच लागू आहे. हे मला मान्य आहे. मात्र मोजपट्टी एकच असावी. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस महानगरपालिकेने पाडला, तेव्हा जागा खासगी असल्याचे रहिवाशांचे म्हणणे होते. अशा ठिकाणी हातोड्याच्या आधी कागद पाहिले जावेत, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आता दोन शब्द ख्रिस्ती बंधूंसही. शेजारच्या गावाहून दहा फूट उंच, अधिक झगझगीत, अशी ईर्ष्या ज्या क्रूसामागे असेल त्याचा मी कैवार घेणार नाही. अपमानित होऊन मेलेल्याचे हे चिन्ह आहे. ते चढाओढीत उतरले की आमच्या गृहस्थांचा आक्षेप खरा ठरतो. उंची अशी असावी की संकटातील माणसास ते लांबून सापडावे. त्याहून अधिक उंची गवंड्याच्या कामाची असेल, देवाच्या कामाची नव्हे.

आमची मंडळी पुन्हा धारेश्वरापाशी जमतील. विषय निघाला तर मी त्या गृहस्थांस एवढेच विचारीन की, मध्यरात्री घरात बसवेनासे झाले, तर आपण कोठे जाता? त्यांचे उत्तर काहीही असो, ती जागा घराबाहेरच असेल.