‘हर्बल’ लिहिलं म्हणून कोंबडीचं खाद्य आपोआप सुरक्षित होत नाही

हल्ली पोल्ट्री खाद्याच्या गोणीवर आणि टॉनिकच्या बाटलीवर एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे ‘हर्बल’. ओवा, लवंग, दालचिनी, लसूण, हळद, ओरेगॅनो यांचे अर्क आणि तेलं. खाद्याला वास येतो, पक्षी चांगलं खातो, पचन सुधारतं असं विक्रेते सांगतात. आपणही मान डोलावतो. घरातलाच मसाला, त्यात वाईट काय असणार?

आधी चांगली बाजू. वाढीसाठी कोंबड्यांना अँटिबायोटिक चारण्याची सवय जगभर होती. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून ती बंद केली. आपल्याकडे जुलै 2019 मध्ये केंद्राने कोलिस्टिन या औषधावर खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी आणि पोल्ट्रीसाठी बंदी घातली. माणसावर बाकी औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. त्याची जागा वनस्पतींचे अर्क घेत असतील तर स्वागतच आहे. माझा विरोध वनस्पतीला नाही, न तपासता टाकलेल्या विश्वासाला आहे.

पहिला मुद्दा मात्रेचा. आमटीतली हळद वेगळी आणि हळदीचं काढलेलं तेल वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हळदीच्या तेलाची तपासणी केली, तेव्हा कोंबडीसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा किलोभर खाद्याला 20 मिलिग्रॅम होती. हिशोब करा, 50 किलोच्या गोणीला फक्त 1 ग्रॅम! आपल्याकडे बाटलीचं झाकण भरून ‘अंदाजे’ ओतलं जातं. वर, माणूस रोज भाजी बदलतो. ब्रॉयलर पक्षी विक्रीला जाईपर्यंत जवळपास तेच खाद्य खातो.

दुसरा मुद्दा, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तुळशीच्या काही जातींत आणि बडीशेपेत एस्ट्रागोल असतं, जायफळात सॅफ्रोल असतं. हे घटक जास्त प्रमाणात पेशींतल्या डीएनएला इजा करू शकतात, म्हणून तपासणारे त्यांच्याकडे बारीक लक्ष ठेवतात. चिमूटभर मसाल्याने कुणी घाबरू नये. पण अर्क काढताना हेच घटक एकवटतात, हे विसरूनही चालणार नाही.

तिसरा मुद्दा भेसळीचा. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं भारतात आणि बांगलादेशात उघड झाली आहेत. लेड म्हणजे शिसं. कोंबडीच्या पोटात गेलेलं शिसं अंड्यातही उतरतं. माणसाच्या ताटासाठी नाकारलेला माल खाद्याच्या कारखान्यात जात नाही, याची खात्री कोण देणार? शिवाय सुगंधाने बुरशी लागलेल्या मक्याचा वास झाकता येतो, पण त्यातलं अफ्लाटॉक्सिन तसंच राहतं.

चौथा मुद्दा कुणी बोलतच नाही, तो म्हणजे खाद्य मिसळणाऱ्या कामगाराचा. ही तेलं घट्ट स्वरूपात कातडीला आणि डोळ्यांना झोंबतात, काहींना दम्यासारखा त्रास होतो. कोंबडीला मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, तिच्या शरीरात ती संवेदनाच नाही. गोणी उपसणाऱ्या माणसाला मात्र जाणवतो! हातमोजे आणि मास्क किती शेडवर दिसतात, ते तुम्हीच बघा.

आता आपल्या भागातली अडचण. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्लू, खाद्य, औषध सगळं कंपनीच देते. त्याला मिळते ती किलोमागे वाढणावळ. गोणीत काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही, पण मर झाली की जाब त्यालाच विचारतात. हे बरोबर नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. गोणीवर आणि बाटलीवर वनस्पतीचं नाव, तिचा कोणता भाग वापरला, अर्काचं प्रमाण आणि बॅच नंबर मराठीत छापा. शिसं आणि अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीचा दाखला मागेल त्याला द्या. पशुसंवर्धन खात्याने खाद्याचे नमुने घेऊन निकाल जाहीर करावेत. आणि शेतकरी बंधूंनो, प्रत्येक लॉटच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

एक विनंती. ही पोस्ट वाचून कुणी चिकन-अंडी सोडू नका. 2020 च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेने पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं, ते आपण पाहिलंय. नीट शिजवा आणि बिनधास्त खा. फक्त ‘हर्बल आहे’ एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका. किती आहे आणि कुणी तपासलंय, हे विचारा.

पटलं तर शेअर करा. नसेल पटलं तर कमेंटमध्ये सांगा, चर्चा करू.