कथासंग्रह : ओढ आणि असमानता



कथासंग्रहावरील प्रश्नांची उत्तरे तपासताना एक वाक्य वर्षानुवर्षे समोर येते : 'या संग्रहातील सर्वच कथा दर्जेदार असून त्या वाचकाच्या मनाचा ठाव घेतात.' असे लिहिणाऱ्याने संग्रह वाचलेला असतो, पुष्कळदा मन लावून वाचलेला असतो. तरीही वाक्य खरे नसते. संपर्क सत्रात तोंडी विचारले, तर तीच व्यक्ती सांगते, की चार कथा आवडल्या, दोन नीट कळल्या नाहीत आणि एक तर अर्ध्यावरच सोडावीशी वाटली. बोलताना इतके नेमके असलेले मत कागदावर येता येता कोठे हरवते? परीक्षेची भीती हे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, ज्याच्या लेखकाचे नाव वाङ्मयेतिहासात आहे, त्यातील एखादी कथा आपल्याला फिकी वाटली तर दोष आपल्या वाचनाचाच असणार, असे आपण गृहीत धरतो. शिक्षणात मध्यंतरी खंड पडलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात तर हे गृहीत फारच घट्ट बसलेले असते. प्रस्तुत लेखात मी त्याविरुद्ध बाजू मांडणार आहे. कथासंग्रह हा प्रकारच असमान असतो आणि ती असमानता ओळखून, कारणांसह लिहिणे हा वाङ्मयाच्या अभ्यासाचा गाभ्याचा भाग आहे, असे माझे मत आहे.

प्रथम ओढीविषयी. कोलाड, धाटाव, रोहे या पट्ट्यातील माझे अनेक विद्यार्थी पाळ्यांमध्ये काम करतात. कोणी रासायनिक कारखान्यात आहे, कोणी महामार्गावरच्या हॉटेलात, कोणी घर आणि शेती सांभाळून अभ्यास करणारी गृहिणी आहे. कादंबरीला जो सलग वेळ लागतो तो त्यांच्यापाशी नाही. कोलाड नाक्यावर एस.टी.ची वाट पाहताना किंवा दुपारच्या पाळीपूर्वीच्या तासाभरात एक कथा मात्र पुरी होते, आणि ती पुरी झाल्याचे समाधानही मिळते. हा केवळ सोयीचा मुद्दा नव्हे. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४२ साली एका बैठकीत वाचून होणे हे कथेच्या परिणामाचे मूळ मानले होते. हे विवेचन आले ते नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाच्या परीक्षणात. त्याच परीक्षणात पोने असेही नोंदवले, की या पुस्तकातील सर्व लेखन कथा नाहीच. बरेचसे निबंधाच्या जातीचे आहे. म्हणजे ज्या लेखाचा हवाला कथेच्या सिद्धान्तासाठी आपण देतो, तोच मुळी एका असमान संग्रहाविषयी आहे.

मराठीत ही असमानता कोठून येते, हे समजण्यासाठी संग्रह कसा घडतो ते पाहावे लागेल. कादंबरीकार पुस्तक लिहितो. कथाकार सहसा कथा लिहितो आणि पुस्तक नंतर होते. हरिभाऊ आपट्यांच्या 'स्फुट गोष्टी' आधी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकातून वाचकांपुढे आल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे मराठी कथेचे वर्ष दिवाळीभोवती फिरू लागले. नावाजलेल्या कथाकाराकडे पावसाळ्यातच संपादकांची पत्रे येतात. एका दिवाळीसाठी तीन-चार कथा द्यायच्या असतात, त्यांतली एक आतून आलेली असते आणि बाकीच्या शब्द दिला म्हणून लिहिलेल्या असतात. संपादकही सारखे नसतात. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी कथेवर चर्चा करीत, पुनर्लेखन सुचवीत. अन्यत्र कथा जशी आली तशी छापली जाई. पाच-सहा वर्षांनी या साऱ्या कथा एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यासोबत त्या त्या संपादकाची शिस्त किंवा तिचा अभावही पुस्तकात येतो.

शिवाय छपाईचे गणित असते. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी वाढते आणि प्रकाशकाला विकण्याजोगी जाडी हवी असते. लेखकापाशी पाच चांगल्या कथा असल्या तरी पुस्तकासाठी दहा-अकरा लागतात. उरलेल्या कोठून येतात, हे तुम्ही ताडू शकता.

जुन्या शीर्षकांत या गोष्टीची मोकळी कबुलीच आहे. दिवाकर कृष्णांच्या १९२७ सालच्या संग्रहाचे नाव 'समाधि व इतर सहा गोष्टी' असे आहे. भाषेचा अभ्यासक म्हणून मला यातील 'व इतर' हे दोन शब्द फार बोलके वाटतात. उभयान्वयी अव्यय साधारणतः समान दर्जाची पदे जोडते. येथे मात्र एका बाजूला नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला फक्त संख्या. त्या सहा गोष्टी उण्या आहेत असा याचा अर्थ नाही, पण पुस्तकात एक कथा पुढे आणि बाकीच्या मागे, ही उतरंड मुखपृष्ठावरच मांडली आहे. गंगाधर गाडगीळांनी १९४८ साली आपल्या संग्रहाला 'कडू आणि गोड' हे त्यातील एका कथेचे नाव दिले. हे नाव बहुतेक कथासंग्रहांना चालले असते, असे गमतीने म्हणता येईल. (जाता जाता संज्ञेविषयी : आपण 'गोष्ट', मग 'लघुकथा', मग नुसते 'कथा' असा प्रवास केला. हिंदीत 'लघुकथा' म्हणजे पान-दोन पानांची रचना, आणि आपल्या कथेला तिकडे 'कहानी' म्हणतात. संदर्भग्रंथ हिंदीतून वाचणाऱ्यांनी येथे घोटाळा करू नये.)

आता एक महत्त्वाचा भेद. उत्तरपत्रिकांतून 'असमान' हा शब्द आलाच तर तो 'काही कथा कमी चांगल्या' एवढ्याच अर्थाने येतो. परंतु संग्रहात कथांची जातही बदलते, आणि जातीतला फरक हा दर्जातला फरक समजणे ही मोठी गफलत आहे. जी. ए. कुलकर्णी यांचा १९७७ सालचा 'पिंगळावेळ' घ्या. त्यात ग्रीक पुराणकथेला नवा अर्थ देणारी 'ऑर्फियस' आहे, मठाच्या बंद जागेत अडकवल्या गेलेल्या माणसाची 'स्वामी' आहे आणि मावशीच्या मायेला लागलेल्या पोरक्या लेकराची 'कैरी'ही आहे. 'कैरी' वाचून हळवा झालेला वाचक 'ऑर्फियस'पाशी अडतो आणि ती कथा 'बोजड' ठरवतो. उलट तत्त्वचिंतनाची आवड असलेला वाचक 'कैरी'ला 'साधी' म्हणून बाजूला सारतो. दोघेही आपल्या आवडीचे वर्णन करीत आहेत. कथेचे मूल्यमापन अजून सुरू झालेले नाही. ते सुरू व्हायचे तर प्रत्येक कथेने स्वतःसमोर काय काम ठेवले आणि ते तिच्या भाषेने पार पाडले का, हे विचारावे लागते.

जी.एं.च्याच भाषेतील एक खूण घेऊन हे स्पष्ट करतो. त्यांच्या गद्यात 'प्रमाणे', 'जणू', 'सारखे' या साम्यवाचक शब्दांची फार दाटी आहे. एकच कथा मासिकात वाचताना ती जाणवत नाही, कारण मागेपुढे इतर लेखकांचे गद्य असते. संग्रहात मात्र आठ-दहा कथा एकापाठोपाठ येतात आणि लेखकाच्या लकबी उघड्या पडतात. माझे मत असे, की 'काजळमाया'तील 'विदूषक'सारख्या रूपककथेत ही उपमांची वीण कथेचे शरीरच असते, ती काढली तर मागे काही उरत नाही. त्यांच्या आरंभीच्या संग्रहांतील काही घरगुती कथांत मात्र तीच वीण पात्रांच्या अंगावर जड दागिन्यांसारखी पडते. साध्या माणसाचे साधे दुःख उपमेच्या ओझ्याखाली वाकते. तुम्हाला हे पटलेच पाहिजे असे नाही. पेन्सिल घेऊन दोन कथांतील साम्यवाचक शब्द मोजा, त्यातील कोणता काढल्याने वाक्य सुधारते ते पाहा, आणि मग माझे म्हणणे खोडून काढा. असे उत्तर मी आनंदाने तपासेन.

असमानता मोजताना माप कोणाचे वापरतो, हाही प्रश्न आहे. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. त्याविषयी एक आक्षेप सतत ऐकू येतो, की त्यातील काही कथांचा सूर चढा आहे, घटनांमागून घटना कोसळतात, भाषा विशेषणांनी भरलेली आहे. नवकथेने आणि तिच्या समीक्षेने आपल्याला संयमाची सवय लावली. कमी बोलणे म्हणजे कला, असा तो संस्कार. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोलूच दिले नाही त्यांच्या लेखनाला कमी बोलण्याचे माप लावणे न्याय्य आहे का? मला ते न्याय्य वाटत नाही. मात्र त्यामुळे संग्रहातील सर्व कथा एका उंचीवर येतात असेही नाही. शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी आलेला तरुण जात लपवून राहायला जागा मिळवतो. कथा प्रथमपुरुषात आहे, आणि ज्याला आपली ओळख झाकायची आहे त्या 'मी'ला मनातले सारे मोठ्याने बोलताच येत नाही. हा ताण कथेच्या रचनेतूनच येतो आणि म्हणून शेवटची मारहाण वाचकाच्या अंगावर येते. संग्रहातील अन्य काही कथांत निवेदनावर असा दाब नाही. आवाज आरंभापासून टिपेला असल्याने शेवटी त्याला चढायला जागा राहत नाही. हा फरक मी संयमाच्या मापाने सांगत नाही. कथेने स्वतःच उभ्या केलेल्या मापाने सांगतो.

यावर कोणी म्हणेल, की आरंभापासून एक पुस्तक म्हणून रचलेले संग्रहही असतात. असतात. जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स'मधील (१९१४) पंधरा कथा बालपण, तारुण्य, प्रौढ वय आणि सार्वजनिक जीवन अशा क्रमाने लावलेल्या आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ला (१९४९) त्या प्रदेशाने बांधून ठेवले आहे. तेथे कथा आणि व्यक्तिचित्र यांची सीमा पुसट होते, पण पुस्तक विस्कटत नाही. अशा पुस्तकांचे कौतुक करावे, पण त्यांना सर्व संग्रहांचा नमुना मानू नये. एकसूत्री संग्रहातही सर्व कथा सारख्या नसतात. सूत्र त्यांचे उणेपण झाकते, एवढेच.

'निवडक कथा' हा आणखी एक मार्ग. विद्यार्थ्याला तो सोयीचा वाटतो, आणि म. द. हातकणंगलेकरांनी 'डोहकाळिमा'साठी केलेल्या जी.एं.च्या कथांच्या निवडीसारखे उत्तम नमुने आपल्याकडे आहेत. पण निवडीत दुसऱ्या कोणीतरी तुमच्या वतीने निवाडा केलेला असतो. कोणत्या कथा वगळल्या, हे तुम्हाला दिसत नाही, आणि म्हणून लेखकाला कोठे किती प्रयत्न पडले हेही दिसत नाही. मधल्या दर्जाची कथा वाचल्याशिवाय उत्तम कथेत नेमके काय साधले आहे ते कळत नाही. आमच्या कोलाडच्या कुंडलिका नदीत, भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेल्या पाण्यावर, लोक तराफ्यातून उतरायला येतात. खळाळ संपून संथ पाणी लागले म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. तेथेच वल्हे कसे धरायचे ते शिकवले जाते. उपमा यापुढे ताणू नये.

तरीही सर्व असमानता क्षम्य आहे असे मी म्हणणार नाही. केवळ पाने भरण्यासाठी घातलेली कथा ही वाचकाची फसवणूक आहे. पाळी संपवून रात्री वाचायला बसणाऱ्याचा तास मौल्यवान असतो. तो वाया घालवणाऱ्या लेखकाला, तो कितीही मोठा असो, जाब विचारण्याचा हक्क त्या वाचकाला आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार पुस्तकाला मिळतो. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला तो २०१२ साली मिळाला, आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ साली. त्यामुळे त्या पुस्तकांतील प्रत्येक कथेला वेगळे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ती कथा तपासण्याची तुमची जबाबदारीही कमी होत नाही. तसेच उलट दिशेनेही. संग्रहाचे मोल कथांच्या सरासरीने ठरत नाही. अकरांपैकी दोनच कथा मनात राहिल्या असल्या, पण त्या वर्षानुवर्षे राहणाऱ्या असल्या, तर ते पुस्तक मोठे आहे. एकही वाईट नाही आणि एकही आठवत नाही, असा नीटनेटका संग्रह मी त्याच्या खाली ठेवेन.

तेव्हा नेमलेला संग्रह हाती घ्याल तेव्हा तो प्रथम लेखकाने लावलेल्या क्रमाने, एकही कथा न वगळता वाचा. अनुक्रमणिकेत प्रत्येक कथेसमोर, उपलब्ध असल्यास, प्रथम प्रसिद्धीचे वर्ष लिहा. पुष्कळ चढउतारांचा उलगडा तेथेच होईल. त्यानंतर सर्वांत आवडलेली एक आणि सर्वांत फसलेली वाटलेली एक, अशा दोनच कथा पुन्हा वाचा. फसलेल्या कथेतील असा परिच्छेद शोधा, जेथे तुमचे लक्ष उडाले. तेथे निवेदक कोण आहे, काळ कोणता आहे, वाक्ये अचानक लांबली का, पात्राच्या तोंडी त्याची बोली आहे की लेखकाची, हे तपासा. पुढच्या संपर्क सत्राला येताना तो परिच्छेद खूण करून आणा. चर्चेला आपण तेथूनच सुरुवात करू.