सीडी प्लेअर, संगणक आणि तानपुऱ्याची जवारी

संगणकावरून वाजणारे संगीत सीडी प्लेअरपुढे फिके पडते, हे मत हौशी श्रोत्यांत घट्ट रुजलेले आहे. संगणक एका वेळी शंभर कामे करतो म्हणून त्यात स्वर गढूळ होतो, आणि सीडीची प्रत काढली की तिच्यातले काहीतरी निसटते, असे त्याचे समर्थन केले जाते. श्रोत्यांना जाणवणारा फरक अनेकदा खरा असतो. त्याचे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार सीडीवर आकडे कोरलेले असतात: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांसाठी, एकूण सेकंदाला १४,११,२०० बिट. लेसरने वाचा किंवा हार्ड डिस्कवरून, आकडे तेच राहतात. त्यांची विजेची लहर होते ती ‘डॅक’ नावाच्या चिपमध्ये, आणि आवाजाचे बरेवाईट तिथे व तिच्या पुढच्या मंडलात ठरते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटांचा डॅक होता. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरांत १४ बिटांचा, पण नमुन्यांची गती चौपट करून चालवलेला. ‘सीडीचा आवाज’ अशी एकच वस्तू अगदी आरंभापासून नव्हती.

प्रतीविषयीचा आक्षेप तर उलटाच ठरतो. तबकडीवर ओरखडा असेल तर सोबत कोरलेले दुरुस्तीचे संकेत सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट तंतोतंत भरून काढतात. त्यापलीकडे प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, कारण गाणे थांबवून मागे जाण्याची त्याला सोय नाही. संगणकाला घाई नसते. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखा प्रोग्राम शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि तरीही जमले नाही तर तसे सांगतो. फ्लॅक प्रकारात साठवलेली फाइल जागा कमी घेते, पण उलगडल्यावर मूळ बिट जसेच्या तसे परत देते. एमपी३ मध्ये मात्र माहिती कायमची गाळली जाते. घट्ट दाबलेली एमपी३ ऐकून संगणकाला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

रायपूरच्या पंडरीत हा वाद नुसता पुस्तकी राहत नाही. कपड्यांचा मोठा बाजार, वाहनांची धूळ आणि मे महिन्यात ४५ अंशांजवळ जाणारा पारा. धूळ प्लेअरच्या लेन्सवर बसली की तबकडी अडखळते. तोच उन्हाळा संगणकालाही सोडत नाही: त्याचा पंखा घोंघावू लागतो, आणि विलंबित ख्यालाच्या आरंभी तानपुऱ्याच्या जवारीतून उमलणारा गंधार त्या घोंघाटाखाली दबतो. इथे दोष आकड्यांचा नसून खोलीचा आहे. बिनपंख्याचा छोटा संगणक घेतला, किंवा यंत्र शेजारच्या खोलीत ठेवले, की तो गंधार पुन्हा ऐकू येतो.

संगणकाचे खरे दोष दुसरीकडे आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. लॅपटॉपच्या आतल्या स्वस्त ध्वनिमंडलात विजेची खरखर शिरते. विंडोज अनेकदा ४४,१०० चे नमुने ४८,००० मध्ये बदलून, इतर आवाजांत मिसळून पुढे पाठवते. यूएसबीने जोडलेला वेगळा डॅक आणि वाजवणाऱ्या प्रोग्राममधील ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ यांनी हे दोन्ही दोष आटोक्यात येतात. असिंक्रोनस पद्धतीचा डॅक स्वतःच्या घड्याळाने आकडे मागवून घेतो, त्यामुळे संगणक इतर किती कामांत गुंतला आहे याचा स्वरांच्या वेळेवर परिणाम होत नाही. ‘शंभर कामां’चा आक्षेप इथे संपतो.

उरतो ‘भरदार’पणा. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्ट बाहेर पडतात, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून पुष्कळ कमी. किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो. म्हणून तुलनेआधी शे-दोनशे हर्ट्झचा सलग सूर वाजवून, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून दोन्ही पातळ्या समान कराव्यात आणि कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. दोन्हीकडे मुद्रणही एकच हवे. जुन्या गाण्याची नव्याने संस्कारित आवृत्ती सीडीशी ताडून पाहणे ही तुलनाच नव्हे. इतके पाळल्यावर चांगला डॅक जोडलेला संगणक आणि चांगला सीडी प्लेअर यांतला फरक शोधणे फार अवघड होते.

संगणकाचे कैवारीही अतिरेक करतात. २४ बिट, १,९२,००० नमुन्यांच्या फाइली सीडीला मागे टाकतात, असा त्यांचा दावा असतो. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मात्र अशा उच्च दर्जाचा ध्वनी १६ बिट, ४४,१०० च्या चाळणीतून काढलेला श्रोत्यांना नेहमीच्या पातळीवर ओळखता आला नव्हता.

संगणकाची खरी थोरवी जतनात आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी काढलेले शास्त्रीय मुद्रण एकदा बाजारातून गेले की पुण्या-मुंबईपासून दूर, रायपुरातल्या मराठी संग्राहकाला पुन्हा मिळणे कठीण. अशी तबकडी वेळीच फ्लॅकमध्ये उतरवावी. प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून देणारी ‘अ‍ॅक्युरेटरिप’ ही सोय आहे. दुर्मीळ तबकडी तिथे सापडली नाही तर तीच दोनदा, शक्यतो दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचून दोन्ही प्रती जुळतात का ते पाहावे. फाइलीसोबत राग, ताल, साथीदारांची नावे आणि मुद्रणाचे वर्ष पुस्तिकेवरून टंकून ठेवावे, आणि सगळ्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असावी.