पुरावा कोणाच्या हाती?

समाजकार्यात जो उपाय मोजमापाने सिद्ध झाला तोच अवलंबावा, हा विचार वैद्यकशास्त्रातून आला आणि १९९० नंतर ब्रिटन-अमेरिकेत रुजला. अशा अभ्यासांची छाननी करणारी ‘कॅम्पबेल कोलॅबोरेशन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था २००० साली निघाली. आपल्याकडे हा विचार बहुधा देणगीदारांच्या अटींतून येतो. म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. सद्भावना म्हणजे परिणाम नव्हे. परंतु पुरावा कोण मागतो आणि कोणाकडे मागतो, हे आधी पाहिले पाहिजे.

१९८०च्या दशकात वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा दिला. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार १९७६च्या कायद्याने सावकारावरच टाकला होता. तरीही मजुरानेच उचल सिद्ध करावी, अशी भूमिका हरियाणा सरकारने सर्वोच्च न्यायालयात घेतली. १९८३ साली न्यायमूर्ती भगवती यांनी ती अमान्य केली. हिशेबाची वही मालकाच्या घरी असताना निरक्षर मजुराने पुरावा आणावा कोठून?

वही लोकांच्या हाती आली की काय घडते, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना नवजात बालकांची देखभाल शिकवली. वजन, ताप, श्वास यांच्या नोंदी त्या ठेवीत. शेजारच्या गावांशी तुलना झाली. नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि २०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली. येथे पुरावा बाहेरून आला नाही. तो गावातून जगाकडे गेला.

पालघर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणारी आदिवासी कुटुंबे आजही आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे वही उघडावी. उचल किती, विटा किती पाडल्या, मजुरी किती कापली, मुले किती दिवस शाळेत गेली, हे लिहावे आणि मजुरांच्या बैठकीत वाचून दाखवावे. आपली चूक निघाली तर तीही वाचावी. मात्र मोजणी पूर्ण होईपर्यंत मुक्ती थांबवू नये. उपायाला पुरावा हवाच. माणसाच्या हक्काला तो लागत नाही.