आपला नकार आपणच का लिहावा?

गेटचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहात जो तो ज्योतिषी होतो. 'एवढ्यावर एम. टेक.ला कोण घेणार?' हे ऐकून गेल्या वर्षी माझ्या मित्राने अर्जच केला नाही. पुढे त्याच्याहून कमी स्कोअरवर त्याच शाखेची शेवटची जागा भरली!

मित्रहो, अंदाज बांधावा तो आकड्यांवरून. एन.आय.टी.च्या सामायिक प्रवेशाचे, म्हणजे सी.सी.एम.टी.चे, मागील अखेरचे स्कोअर संस्था, शाखा व प्रवर्गानुसार पाहावेत. १०० पैकी गुण आणि १००० पैकी स्कोअर यांची गल्लत करू नये. पहिल्या फेरीने खचू नये. सोडलेल्या जागा पुढे येतात.

गेटचा स्कोअर ३ वर्षे चालतो. यंदा मित्राचा अर्ज मी भरून घेणार आहे. नकार द्यायचाच तर संस्थेने द्यावा.