घागरीच्या गळ्यावरची तारीख

घराण्याचा आणि गावाचा इतिहास शोधायचा, तर महाराष्ट्रात सर्वांत मोठा आधार मोडी कागदांचा आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर, मुंबई आणि कोल्हापूरची पुराभिलेखागारे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा ठिकाणी हे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. यांतला बराचसा साठा मुळात लोकांच्या घरांतून आला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो वाईला मिळालेल्या पत्रांवर. वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी खात असलेले पेटारे उघडवून घेत ते गावोगाव फिरले आणि १९१० साली खं. चिं. मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले.

कागद हाती आला की पहिली अडचण लिपीची. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. दुसरी अडचण तारखेची, आणि नवशिके तिथेच चुकतात. पत्रात ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे साल असेल, तर तो अरबी आकडा आहे: एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७० येतो. मात्र हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या पत्रासाठी ६०० मिळवून १७७१ धरावे लागते. शकाच्या बाबतीत ७८ किंवा ७९, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. एवढे गणित सांभाळले नाही, तर नातवाची सनद आजोबाच्या नावावर जमा होते.

इंग्रजी अमदानीपासून गावपातळीची नोंद वाढली. गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, कडई पत्रके, फेरफार, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे ही साधने पूर्वी अभ्यासकच पाहत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. या नोंदींतले सगळेच तंतोतंत खरे मानू नये. जुन्या शाळांच्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख ढिगाने सापडते. शाळा जूनमध्ये भरत आणि मास्तर वयाचा अंदाज करून ती तारीख टाकत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या अशा वेळी उपयोगी पडतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की यजमानाच्या पूर्वजांची नावे निघतात, काही ठिकाणी त्यांच्याच हस्ताक्षरात.

छायाचित्रांचा पुरावा त्यामानाने अलीकडचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी होते. मध्यमवर्गीय घरांत फोटो पोचले ते पुढे स्टुडिओंमार्फत. असा फोटो आधी उलटा करून पाहावा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव, कागदाच्या कंपनीचा छाप, कुणीतरी शाईने लिहिलेले दोन शब्द, यांवरून काळ ठरतो. समोरच्या बाजूवर मात्र जपून विश्वास ठेवावा. कोरीव खुर्ची, फुलदाणी, मागचा रंगवलेला पडदा हे सामान बहुधा स्टुडिओचेच असे. त्यावरून घरच्या सुबत्तेचा निष्कर्ष काढता येत नाही. पगडीचा घाट, नऊवारीचा काठ, दागिने यांतून अधिक कळते.

दप्तरांत पुरुष दिसतात, कारण जमीन आणि वतन त्यांच्या नावे असे. बायकांची नावे शोधायला स्वयंपाकघरात जावे लागते, आणि तिथल्या भांड्यांकडे इतिहासाने केलेले दुर्लक्ष अन्यायाचे आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती. घागरीच्या गळ्यापाशी छिन्नीने ठिपके ठोकून लिहिलेले असते: ‘चि. सौ. कां.’ आणि नाव, मग देणाऱ्या मामाचे किंवा आत्याचे नाव, गाव, तारीख. लग्नात मुलीचे नाव बदलले जाई, त्यामुळे माहेरचा धागा अनेक घरांत एवढ्या एका ओळीवर टिकून आहे. चिंच-मिठाने घासून अक्षरे पुसट झाली असली, तरी तिरप्या उजेडात धरल्यास ठिपके वाचता येतात. अर्थात भांडी मोडीत जात, जुन्या बाजारात विकत घेतली जात. म्हणून घागरीवरचे नाव लग्नपत्रिकेशी, उपाध्यायांच्या वहीशी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीशी ताडून पाहिल्याशिवाय वंशावळीत घालू नये.

एकाच घरात ठेवलेला पुरावा किती असुरक्षित असतो, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले. पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील अनेक घरांचे कागद व फोटो कायमचे गेले. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत, त्यांनी ते लॅमिनेट करू नयेत. ते पुढे सोडवता येत नाही. सुती कापडात कोरड्या जागी ठेवावेत. फोटोमागे बॉलपेनाऐवजी मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत आणि ती आजच, ओळखणारी माणसे आहेत तोवर. कागद व फोटो स्कॅन करून, भांड्यांवरच्या ओळी उतरवून, त्यांची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा संशोधन मंडळाला द्यावी.